थोडक्या विजेत गाणे

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा खेड्यात घरोघरी रेडिओ कोठला! गावात वीज नसे. संच व्हॉल्व्हचा, आणि त्याला बॅटरीचे दोन भाग लागत. एक व्हॉल्व्हमधली तार तापवायला, दुसरा ९० व्होल्टच्या आसपासचा, पुढचे काम करायला. निवेदक क्षणभर थांबला तरी तार आपली तापतच राही. चुलीवर भांडे नाही आणि चूल मात्र ढणढणा पेटलेली, असा तो प्रकार.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला होता. १९५४ साली चार ट्रान्झिस्टरचा खिशातला रेडिओ तेथे विक्रीस आला. तापवायची तारच गेली! पुढे पुष्कळ संचांत ट्रान्झिस्टरांची जोडी बसवू लागले. आवाज मोठा असेल तेव्हा ती जास्त वीज घेई, शांततेत अगदी थोडी. माझ्या मते या इतिहासातली खरी गोष्ट हीच. मोठी बॅटरी शोधण्यापेक्षा, काम नसताना वीज मागायचीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा मोबाइलशी काय संबंध? आहे. मोबाइलमध्ये गाणे आणि चित्र आकड्यांत घट्ट बांधून ठेवलेले असते. ते गाठोडे सोडण्याचे काम प्रोसेसरचे. सेकंदाला २५ चित्रे दाखवायची, तर एका चित्राला ४० मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरने ते दहातच उरकले, तरी चित्र काही लवकर दाखवायचे नसते. मग घाई कशाला? १९९४ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी हाच विचार मांडला. प्रोसेसर सावकाश चालवला की त्याला विजेचा दाबही कमी पुरतो. आणि दाब निम्मा झाला की, गळती सोडली तर, तेवढ्याच कामाला चौथाई ऊर्जा लागते. बैल दामटून बांधावर उभे करण्यापेक्षा बेताने चालवलेले बरे, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पुढची पायरी आणखी चतुर. गाठोडे सोडण्यापुरतेच एक वेगळे मंडल चिपमध्ये बसवले. ते काम करते, तोवर मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ झोपून असतो. अडचण एकच. त्या मंडलाला ठाऊक असलेल्या पद्धतीनेच गाठोडे बांधलेले हवे. २०१८ साली एव्ही-१ ही नवी पद्धत आली. जुन्या मोबाइलमधल्या मंडलाला ती कळत नाही. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, मोबाइल हाताला गरम लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. लोक दोष देतात बॅटरीला.

भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायांना गाणे फक्त ऐकायचे असते. हात आणि डोळे मिरचीत गुंतलेले. तेथे चित्रासकट गाणे लावले, तर न पाहिलेल्या चित्रांसाठी वीज जाते, वर पडद्याचा उजेड वेगळाच. नुसत्या आवाजाची फाइल लावून पडदा मिटवला, तर प्रोसेसरपुढे फारच थोडे काम उरते.