ताजुद्दीन : एका नावाचा अर्थ

नागपुरात उमरेड रोडवरचा ताजबाग आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. कोणी नवस फेडायला जाते, कोणी उरूस बघायला. तिथे ताजुद्दीन बाबांची समाधी आहे. आज आपण बाबांच्या चमत्कारांबद्दल नाही, त्यांच्या नावाबद्दल बोलू.

‘ताज’ म्हणजे मुकुट. हा शब्द मूळचा इराणकडचा, पुढे अरबी भाषेने तो आपलासा केला. ‘दीन’ हा अरबी शब्द, त्याचा अर्थ धर्म, श्रद्धा. आपल्या ‘दीनदुबळा’मधला दीन संस्कृतातला आहे. उच्चार सारखा, पण शब्द वेगळा. मधला ‘उद्’ हा जोडणारा भाग, आपल्या ‘चा’, ‘ची’सारखे काम करणारा. म्हणून ताजुद्दीन म्हणजे धर्माचा मुकुट. याच रीतीने निजामुद्दीन म्हणजे धर्माची व्यवस्था, शम्सुद्दीन म्हणजे धर्माचा सूर्य.

बाबांचा जन्म 1861 साली कामठीचा. नावात मुकुट असला तरी आयुष्य फकिराचे. लोकांनी वेडे ठरवले आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने आणले. 17 ऑगस्ट 1925 रोजी बाबा गेले. आजही सगळ्या जातीधर्मांचे लोक तिथे डोके टेकवतात.

भोसल्यांच्या इतिहासात असे नाव आधीही सापडते. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. ‘शाह’ फारसी, तर ‘शरीफ’ अरबी. अर्थ थोर, कुलीन. हे शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत कामी आले. छत्रपती शिवाजी महाराजांचे ते सख्खे काका.

आता आपल्या गटाचे रजिस्टर उघडा. तारीख, रक्कम, जमा, खर्च, कर्ज, बाकी, हिशेब. हे सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि आपल्या घरचे झाले. त्यांच्यावाचून आपली एकही बैठक पूर्ण होत नाही. मग एखाद्या बाईच्या नवऱ्याचे नाव अरबी आहे एवढ्यावरून तिला परकी का मानावे?

अर्थ कळला की एक व्यवहारही सुधारतो. फॉर्म भरताना पुष्कळदा ‘ताज’ एका रकान्यात आणि ‘उद्दीन’ आडनावाच्या रकान्यात जाते. पण ‘उद्दीन’ हे आडनाव नाही. एकटे लिहिले तर त्याचा अर्थ ‘धर्माचा’ एवढाच, म्हणजे अर्धे वाक्य. ‘अब्दुल’चेही तसेच. अब्दुल म्हणजे ‘च्या सेवक’. कोणाचा, ते पुढच्या शब्दात असते. अब्दुल रहमान म्हणजे दयाळू परमेश्वराचा सेवक. नाव तोडले की आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरेच होते. मग कर्जाचा अर्ज किंवा विधवा बहिणीची पेन्शन अडकून पडते.

म्हणून सचिव ताईंनो, नाव लिहिताना घाई करू नका. तिलाच विचारा, “बाई, पूर्ण नाव कसे लिहू? कागदावर कसे आहे?” मग सगळीकडे तेच, त्याच अक्षरांत लिहा. आईबापांनी विचार करून ठेवलेले नाव असते ते. आपल्या वहीत ते अखंड राहू द्या.