दारांतली मोटार आणि गांवचा रस्ता

रस्ता कोणाचा आणि अंगण कोणाचें, हा वाद मोटारीबरोबर जन्माला आला अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत, ज्यूलियस सीझरच्या अमदानींत, रोम शहरांत दिवसाच्या बऱ्याचशा वेळांत मालाच्या गाड्यांना मज्जाव करण्यांत आला होता. गाड्या रात्रीं येऊं लागल्या, तेव्हां चाकांच्या खडखडाटानें झोप लागत नाहीं, अशी नवी तक्रार सुरू झाली. तात्पर्य, चाक आलें कीं सोय येते आणि सोयीच्या पाठोपाठ शेजाऱ्याशीं तंटाही येतो.

आजच्या नाशकांत हा तंटा एका निराळ्या रूपानें दिसतो. एखाद्या हौशी गृहस्थाला जुनी फियाट किंवा जीप स्वतः दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणावयाची असते. रोजच्या कामाला एक मोटार असतेच. दुरुस्तीची दुसरी येते. तिचे सुटे भाग बाजारांत मिळेनासे झालेले असतात, म्हणून केवळ भागांसाठीं तिसरी विकत घेतली जाते. मग ताडपत्रीखालीं, विटांच्या थप्पीवर, चाकें काढलेला एक सांगाडा इमारतीच्या आवारांत वर्षानुवर्षें बसून राहतो. शेजारी त्याला खटारा म्हणतात, मालक त्याला अधुरें काम म्हणतो. दोघांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें समजण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

नाशिकच्या जुन्या वस्तींत पेशवाईच्या काळीं अनेक वाडे उठले. मातबर वाड्याची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. दिंडीदरवाजा, त्याच्या आंत देवडी, पुढें चौक, आणि ऐपतीप्रमाणें घोड्यांना पागा, गुरांना गोठा, मेणा ठेवण्यास पडवी. वाहनाची सोय घर बांधतांनाच होई. बाहेरचे बोळ अरुंद असत खरे. परंतु ज्याच्या घरीं घोडा, त्याच्याच घरीं त्याचा तबेला, हा साधा हिशेब होता. वाहन रोज चालतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या हिशेबांत नव्हताच. चैत्रांत कामदा एकादशीस नाशकांत श्रीरामाचा रथ व गरुडरथ निघतो, त्या दिवशीं सारें गांव वाट मोकळी करून उभें राहतें. वर्षांतून एकदां निघणाऱ्या त्या रथांना कोणीं अडगळ म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. वाहन उभें आहे एवढ्यावरून तें टाकाऊ ठरत नाहीं. तें कोठें उभें आहे, यावर सर्व अवलंबून असतें.

इंग्रजी अमलांत या जुन्या हिशेबाला कायद्याचें रूप आलें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २८३ व्या कलमानें सार्वजनिक वाटेवर अडथळा करणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड ठेवला. नाशिकची नगरपालिका १८६४ सालीं स्थापन झाली. बैलगाडी असो, टांगा असो कीं मागाहून आलेली मोटार असो, त्या कलमाला सर्व सारखींच. दीडशेंहून अधिक वर्षें तें कायम राहिलें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमानें घेतली, आणि दंडाची मर्यादा पांच हजार रुपये झाली. दंड वाढला, तत्त्व तेंच राहिलें. वाहनें किती बाळगावींत हें हें कलम विचारीत नाहीं. वाट अडली कीं नाहीं, एवढेंच विचारतें.

मोटारींसाठीं साऱ्या हिंदुस्थानास लागू असा पहिला कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि सध्यांचा १९८८ सालीं. नाशिकरोड स्टेशनापासून गांवांत येणारी जनावरांनीं ओढावयाची ट्राम विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभीं बंद पडली; टांगे त्यानंतरही बरींच वर्षें होते. मोटार मात्र मोजक्या घरींच असे, आणि ती ठेवण्यास तशा घरांत जुनी पागा किंवा बंगल्याचें आवार असे. प्रश्न उठण्याचें कारणच नव्हतें.

जुन्या मोटारीविषयींच्या आजच्या मायेचें मूळ स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईंत आहे. हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीं व वालचंद हिराचंदांची प्रिमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालीं निघाली. याच वालचंदांनीं नाशिक जिल्ह्यांत मालेगांवाजवळ रावळगांव येथें साखरेचा कारखाना उभारला होता. पुढें परवान्यांच्या राज्यांत मोटारींचें उत्पादन मर्यादित राहिलें, आणि नोंदविलेली गाडी हातीं येण्यास वर्षें लागत. डिसेंबर १९८३ मध्यें मारुतीची पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत हीच स्थिति होती. अशा काळांत मोटार मोडींत काढणें परवडणारें नव्हतें. बापाची गाडी मुलाकडे येई. इंजिन उघडणें, पिस्टनच्या रिंगा बदलणें, पत्रा ठोकून सरळ करणें, न मिळणारा भाग लेथवर घडविणें, यांत तरबेज अशी कारागिरांची एक पिढी गांवोगांवच्या गॅरेजांतून तयार झाली. आज जो गृहस्थ जुनी फियाट उघडून बसतो, तो नकळत त्याच विद्येचा धागा पुढें नेत असतो. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची प्रिमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुदत भरून बंद झाली. आतां त्या गाड्या टिकतील त्या अशा हौशी हातांमुळेंच.

परंतु दरम्यान घर बदललें. नोव्हेंबर १९८२ मध्यें नाशिक महानगरपालिका अस्तित्वांत आली. शहर सातपूर, अंबड, नाशिकरोडपर्यंत पसरलें, वाडे पडून त्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या. पागा गेली, तिच्या जागीं इमारतीखालची सामाईक जागा आली. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिकाविषयक कायद्याचा अर्थ लावतांना असा निर्णय दिला कीं, खांबांमधील व उघडी वाहनतळाची जागा बांधकाम करणाऱ्यास निराळी विकतां येत नाहीं. ती सर्व सभासदांच्या सोयीची आहे. वाड्याचा चौक एका कुटुंबाचा होता. सोसायटीचें आवार तीस कुटुंबांचें आहे. तेथें एकाचा सांगाडा बसला, तर दुसऱ्याची चालती गाडी रस्त्यावर जाते, आणि तिच्यामुळें रस्ता अडतो.

ऑगस्ट २०२१ मध्यें राज्याच्या बांधकाम नियमावलीविषयींच्या एका याचिकेच्या सुनावणींत मुंबई उच्च न्यायालयानें तोंडी उद्गार काढले कीं, ज्या कुटुंबाकडे जागा नाहीं त्याला चार-चार, पांच-पांच गाड्या घेऊं देऊं नयेत. तो हुकूम नव्हता. पण दुखणें कोठें आहे तें त्यावरून कळतें. जपाननें १९६२ सालींच यावर उपाय केला. तेथें ठराविक अंतराच्या आंत गाडी ठेवण्यास जागा असल्याचा पुरावा दिल्यावांचून मोटारीची नोंदणी होत नाहीं. आमच्या पागेचा हिशेब त्यांनीं कायद्यांत लिहून ठेवला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

आतां हौशी गृहस्थाची बाजूही कायद्यांत पाहण्याजोगी आहे. १९८८ च्या कायद्याप्रमाणें वरचा सांगाडा न चढविलेली चासीदेखील मोटारच ठरते. सार्वजनिक जागीं दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेलें वाहन पोलिसांस उचलून नेतां येतें, आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. गाडी कायमची निकामी झाली, तर चौदा दिवसांच्या आंत तसें नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचें कर्तव्य मालकावर आहे. केवळ भागांसाठीं आणलेल्या तिसऱ्या गाडीच्या बाबतींत ही गोष्ट बहुधा विसरली जाते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें पांच-पांच वर्षांनीं नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीसाठीं सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेली. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२१ सालीं, केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. त्यांना निराळा क्रमांक, दहा वर्षांची नोंदणी, आणि प्रदर्शन, शर्यत किंवा दुरुस्तीपुरती रस्त्यावर येण्याची मुभा मिळाली.

खरी अडचण या दोन नियमांच्या मधल्या पोकळींत आहे. पंधरा वर्षें उलटली कीं गाडी जुनी ठरते. वारसा ठरण्यास तिला पन्नास वर्षें व्हावीं लागतात. मधलीं पस्तीस वर्षें ती कोणाच्याच खातीं नाहीं. १९८५ ची पद्मिनी याच वनवासांत आहे. जीं वाहनें हा काळ कोणाच्या तरी अंगणांत काढतील, तींच उद्यां संग्रहालयांत दिसतील. म्हणून दारांतला प्रत्येक सांगाडा भंगारवाल्याच्या हवालीं करणें हा शहाणपणा नव्हे.

पण भद्रकालीच्या किंवा पंचवटीच्या बोळांत आगीचा बंब अडला, तर त्या वेळीं वारशाची सबब कोण ऐकून घेईल? ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थांत रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक यात्रेकरू प्राणास मुकले. त्या दिवशींचा दोष उभ्या गाड्यांचा नव्हता. तरी वाटेची एक-एक हात रुंदी केवढ्या मोलाची असते, हें नाशिककरांना त्या दिवसानें कायमचें शिकविलें.

मग मार्ग कोणता? तो नवा नाहीं. वाड्याच्या दिंडीवर तो पूर्वींच कोरलेला होता. ज्याचें वाहन, त्याची जागा. स्वतःच्या मालकीच्या छपराखालीं एक सोडून तीन गाड्या कोणीं उघडल्या, तरी शेजाऱ्यानें नाक मुरडूं नये. सामाईक आवारांत ठेवावयाची, तर सभासदांची संमति घ्यावी, मुदत ठरवावी, आणि ती पाळावी. शहराबाहेर दोघा-चौघांनीं मिळून एखादी शेड भाड्यानें घेतली, तर हौसही टिकेल आणि स्नेहही. रस्त्यावर मात्र एकही नको. शहरानेंही दुरुस्तींत असलेली गाडी आणि टाकून दिलेली गाडी यांतला भेद ओळखावा. पागा गेली म्हणून घोड्याला वाटेवर बांधण्याचा अधिकार कोणास मिळत नाहीं. आणि घोडा म्हातारा झाला म्हणून त्याला मारून टाकावें, असेंही कोणा शहाण्यानें आजवर सांगितलेलें नाहीं.