युद्धछायेतील संसारस्वप्न : मेजर सुलिव्हन बालू यांच्या पत्राचा ऐतिहासिक विचार

युद्धेतिहासाच्या लेखनात सेनापतींचे डावपेच, राज्यकर्त्यांचे निर्णय व मृतांचे आकडे यांना प्राधान्य मिळते. सैनिकाची संसाराची ओढ मात्र केवळ भावनेचा विषय मानली जाते. अमेरिकन यादवी युद्धातील मेजर सुलिव्हन बालू यांचे पत्र हा समज तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते.

बालू हे ऱ्होड आयलंड राज्यातील वकील व तेथील प्रतिनिधिगृहाचे माजी अध्यक्ष होते. १८५५ मध्ये त्यांचा सॅरा शुमवे यांच्याशी विवाह झाला. १८६१ मध्ये युद्धास तोंड फुटताच ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टन येथील छावणीतून त्यांनी पत्नीस पत्र लिहिले. २१ जुलैच्या बुल रनच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय निकामी झाला व पुढील काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते.

या पत्रात दोन ऋणांचा संघर्ष आहे. अमेरिकन क्रांतीसाठी झिजलेल्या पूर्वसूरींचे ऋण त्यांना फेडावयाचे आहे. त्याच वेळी पत्नीसमवेत जगण्याची आणि दोन्ही मुलगे कर्तेसवरते झालेले पाहण्याची आकांक्षाही सुटत नाही. बालू स्वतः बालपणीच पितृछत्रास पारखे झाले होते. म्हणूनच मुलांच्या वाट्यास येऊ शकणाऱ्या पोरकेपणाची धास्ती त्यांच्या लेखनात अनुभवाच्या आधारे येते.

केन बर्न्स यांच्या १९९० मधील माहितीपट मालिकेने हे पत्र जगभर पोहोचविले. तथापि तेथे ते संक्षिप्त रूपात वाचले गेले व मुलांविषयीचा परिच्छेद त्यात आला नाही. परिणामी कुटुंबप्रमुखाचे पत्र केवळ प्रेमपत्र म्हणून प्रसिद्ध झाले. शिवाय मूळ हस्तलिखित उपलब्ध नसून अभ्यासकांची भिस्त नकलांवरच आहे. त्यामुळे संहितेची चिकित्सा येथे अपरिहार्य ठरते.

एका सुशिक्षित अधिकाऱ्याचे पत्र सर्व सैनिकांचे प्रतिनिधित्व करू शकत नाही, ही मर्यादा मान्य करावी लागेल. तरीही संसाराची ओढ म्हणजे कर्तव्यातील दुर्बलता नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. आपण काय गमावणार आहोत याची पूर्ण जाणीव असूनही बालू रणांगणावर गेले. सॅरा यांनी पुनर्विवाह केला नाही. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका लढाईची किंमत त्यांनी पुढे ५६ वर्षे चुकती केली. मृतांच्या आकड्यांत न मावणारी ही किंमत युद्धेतिहासाने नोंदविली पाहिजे.