उंची जमा, जाडी नावे

पेरूच्या रोपाला थंडीवाऱ्यापासून जपायला आमच्या हिने तेलाच्या रिकाम्या डब्याची बुडं कापून तो भोवती उभा केला. मी हसलो. मग वाचलं, की १९७९ साली ब्रिटनच्या वनखात्यातल्या ग्रॅहम ट्यूली नावाच्या गृहस्थांनी हेच केलं होतं! ओकच्या रोपांभोवती प्लास्टिकच्या स्वस्त नळ्या. उजेड आत, वारा नि हरणं बाहेर. आतल्या उबेत रोपं भराभर उंच झाली. पण वाऱ्याने हलल्याशिवाय खोड भरत नाही. आमच्या बँकेच्या भाषेत, उंची जमा, जाडी नावे! म्हणजे कधीतरी रोपाला वारा लागू द्यायलाच हवा. परवा डबा काढायला निघालो, तर ही कॉलेजला निघालेल्या चिरंजीवांच्या गळ्यात मफलर गुंडाळत होती. मी डबा तसाच ठेवला.