डोमिनिकाच्या रानवाटा : आश्रयापासून भटकंतीपर्यंत

कॅरिबियन समुद्रातील बहुतेक बेटांचा अर्वाचीन इतिहास हा उसाच्या मळ्यांचा आणि त्या मळ्यांवर राबवल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांचा इतिहास आहे. डोमिनिका या बेटाच्या वाट्यालाही गुलामगिरी आली, पण त्याचा मोठा भाग मळेवाल्यांच्या हाती कधीच पूर्णपणे लागला नाही, आणि आज तेथे एका दिवसाच्या डोंगरभटकंतीचा बेत आखणारा प्रवासी ज्या पायवाटांवरून चालतो त्यांपैकी अनेक वाटा मळेवाल्यांच्या या अपयशामुळेच टिकून राहिल्या आहेत. ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मध्ये वसलेला हा सुमारे ७५० चौरस किलोमीटरचा देश ज्वालामुखींच्या उद्रेकांतून घडलेला असून त्यातील सर्वांत उंच डोंगर, मॉर्न दियाब्लोतँ, १,४४७ मीटर उंच आहे. ‘मॉर्न’ म्हणजे बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत डोंगर. अटलांटिकवरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगरांना अडतात, त्यामुळे अंतर्भागात वर्षभर पाऊस पडतो, नद्या खोल घळी कापत खाली उतरतात आणि सपाट जमीन किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्यांपुरतीच उरते.

या भूरूपाने बेटाचे राजकीय भवितव्यही ठरवले. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी, रविवारी, दुसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसाला हे बेट दिसले आणि वारावरून त्याने त्याचे नाव ठेवले. मात्र जहाजे नांगरण्याजोगी जागा न सापडल्याने तो पुढे निघून गेला. बेटावर राहणारे कालिनागो लोक, ज्यांना युरोपीय लेखनात दीर्घकाळ ‘कॅरिब’ म्हटले गेले, आपल्या भूमीला ‘वैतुकुबुली’ म्हणजे ‘उंच देहाची’ असे म्हणत. शेजारची बेटे एकामागून एक युरोपीय सत्तांच्या ताब्यात जात असताना कालिनागोंनी या डोंगरांच्या आधाराने इतका प्रखर प्रतिकार केला, की १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनीही हे बेट तटस्थ ठेवण्याचे मान्य केले. तरीही फ्रेंच मळेवाले किनाऱ्यावर कॉफी लावत राहिले, आणि १७६३ च्या पॅरिस तहाने बेट अखेर ब्रिटनकडे गेले.

ब्रिटिशांनी जमिनीचे तुकडे पाडून ते विकले, ऊस लावण्यास उत्तेजन दिले आणि गुलामांची आयात वाढवली; पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक मळ्याच्या मागे काही तासांच्या चालीवर घनदाट रान सुरू होत असल्याने पळून जाणाऱ्याला अडवणे मळेवाल्यांना कधीच जमले नाही. रानात पळून जाऊन स्वतंत्र वस्ती करणाऱ्या अशा गुलामांना कॅरिबियन इतिहासात ‘मरून’ म्हणतात. डोमिनिकातील मरूनांनी बेटाच्या अंतर्भागात छावण्या उभारल्या, कंदमुळे व भाजीपाला पिकवला, नदीतील मासे आणि रानातील शिकार यांवर गुजराण केली, आणि मळ्यांवर छापे घालून हत्यारे व माणसे मिळवली. १७७८ ते १७८३ या काळात बेट फ्रेंचांच्या हाती गेले, तेव्हा फ्रेंच राज्यपालाने त्यांना शस्त्रे पुरवल्यामुळे त्यांचे बळ वाढले. ब्रिटिश परतल्यावर १७८५-८६ मध्ये त्यांच्याविरुद्ध पहिली मोठी मोहीम निघाली आणि तिच्यात बाला हा त्यांचा प्रमुख नायक मारला गेला.

मरूनांच्या वाटा कशा होत्या, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे, कारण या माणसांनी लिहिलेला एकही कागद मागे उरलेला नाही आणि त्यांच्या विचारशक्तीची साक्ष त्या वाटाच देतात. बेटाच्या मध्यभागी, लायू नदीच्या खोऱ्यात, बेल गावाच्या परिसरात एका उभ्या कड्यावर दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत. जाको या मरून नायकाच्या नावावरून त्या ‘जाकोच्या पायऱ्या’ म्हणून ओळखल्या जातात आणि वर त्याच्या छावणीच्या पठाराकडे जातात. प्रत्येक पायरी नेहमीच्या पायरीपेक्षा पुष्कळ उंच आहे. बंदूक व सामान घेऊन येणाऱ्या सैनिकाला एका वेळी एकानेच, हातापायांनी आधार घेत, दमछाक करत वर चढावे लागावे आणि वर थांबलेल्या मूठभर माणसांना तो सहज टिपता यावा, अशीच ही रचना दिसते. गडाच्या दरवाजापुढची वाट मुद्दाम अडचणीची ठेवणाऱ्या सह्याद्रीतील दुर्गकारांची हीच दृष्टी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. फरक इतकाच, की डोमिनिकात हे काम कोणत्याही राजसत्तेच्या पाठबळाशिवाय, पळून आलेल्या माणसांनी केले. १८१२ नंतर राज्यपाल जॉर्ज एन्स्ली याने मरूनांचा निःपात करण्याचे ठरवले, पकडलेल्यांना फाशी देण्याचा सपाटा लावला, आणि त्याच्या क्रौर्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचली. अनेक दशके रानात काढलेला जाको १८१४ मध्ये मारला गेला आणि संघटित प्रतिकार संपला. गुलामगिरी कायद्याने रद्द होण्यास त्यानंतर वीस वर्षे लागली.

१८३८ मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर अनेक कुटुंबांनी डोंगरउतारावर आपल्या लहान बागा केल्या आणि लपण्याच्या वाटांना बाजारहाटाच्या वाटांची जोड मिळाली. राजधानी रोझो आणि पूर्व किनारा यांना जोडणारी ‘शमँ लेतां’, म्हणजे तळ्याची वाट, ही त्यांतील एक होय. गोड्या पाण्याच्या तळ्याजवळून ग्राँ फाँ गावाकडे उतरणारी ही वाट मोटाररस्ते होण्यापूर्वी डोक्यावर ओझी घेऊन चालणाऱ्या माणसांची होती. १९०३ मध्ये प्रशासक हेस्केथ बेल याच्या पुढाकाराने कालिनागोंसाठी ईशान्य किनाऱ्यावर सुमारे ३,७०० एकरांचा प्रदेश राखून ठेवण्यात आला. एके काळी संपूर्ण बेट ज्यांचे होते त्यांच्या वाट्याला आलेला हा तुकडा फारच लहान होता, हे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

केवळ पाहण्यासाठी डोंगर चढण्याची सुरुवात या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १८७० मध्ये एडमंड वॉट हा न्यायाधिकारी रानात भरकटला असता त्याला उकळत्या तळ्याचा सुगावा लागला आणि १८७५ मध्ये डॉ. हेन्री आल्फ्रेड निकोल्स यांच्यासह गेलेल्या तुकडीने त्याची पाहणी केली. हे तळे म्हणजे पाण्याखाली बुडालेले फ्यूमरोल, अर्थात भूगर्भातील तप्त वायू व वाफ बाहेर टाकणारे भूछिद्र होय. ते सुमारे साठ मीटर रुंद असून त्याच्या मध्यभागी राखाडी पाणी सतत खदखदते. लोदा गावाजवळून निघणारी तिथली वाट निकोल्सच्या नावाच्या डोंगरावर चढते आणि गंधकाच्या वाफांनी भरलेल्या उजाड दरीतून तळ्याशी पोहोचते. जाऊन येण्यास साधारण सहा तास लागत असल्याने हा पूर्ण दिवसाचा बेत ठरतो. १८८० मध्ये याच दरीत वाफेचा स्फोट होऊन रोझो शहरावर राख पडली होती. १९७५ मध्ये हा सारा भाग मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात आला आणि १९९७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जुन्या वाटा एकत्र गुंफून २०११ मध्ये सुरू झालेली वैतुकुबुली राष्ट्रीय पायवाट दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडील कॅब्रिट्सपर्यंत सुमारे १८५ किलोमीटर जाते आणि तिचे चौदा टप्पे आहेत. मळे, मरूनांचे रान आणि कालिनागो प्रदेश यांमधून ती नेली गेली, हा तिच्या आखणीतील सर्वांत योग्य निर्णय होय. १८ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या मारिया चक्रीवादळाने बेटावरील झाडांबरोबर या वाटेचीही मोठी हानी केली आणि अनेक टप्पे पुन्हा मोकळे करावे लागले.

या इतिहासाचा विचार करता, ज्याच्या हाती डोमिनिकात एकच दिवस आहे त्याने उकळत्या तळ्याच्या आधी जाकोच्या पायऱ्यांचा विचार करावा. तळ्यासारखी ज्वालामुखीची नवले जगात इतरत्रही आढळतात, परंतु पळालेल्या गुलामांनी स्वातंत्र्य राखण्यासाठी घडवलेली आणि अजूनही पायाखाली घेता येणारी अशी वाट विरळाच. तेथे जाताना नदी ओलांडावी लागते आणि पावसात पाणी झपाट्याने चढते. म्हणून जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ टाळून, सकाळी लवकर, त्या खोऱ्यातील वाटाड्याला सोबत घेऊनच निघावे.