नव्या भाषेचं बस्तान : 'गो' आणि ओपनबीएसडी



अमुक प्रोग्रामिंग भाषा तमुक ऑपरेटिंग सिस्टीमवर 'चालते', असं आपण सहज म्हणून जातो. पण ती आपोआप चालत नाही. कुणीतरी ती तिथे नेलेली असते, आणि नेल्यावर वर्षानुवर्षं सांभाळलेलीही असते. आज आपण या सांभाळण्याचाच इतिहास पाहणार आहोत. उदाहरण आहे गूगलमध्ये जन्मलेल्या 'गो' भाषेचं आणि ओपनबीएसडी या मुक्तस्रोत सिस्टीमचं.

आधी दोन्ही बाजूंची ओळख करून घेऊ. 'गो'चं काम २००७ साली रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन या तिघांनी सुरू केलं. १० नोव्हेंबर २००९ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. यातले थॉम्प्सन म्हणजे १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात करणारे तेच थॉम्प्सन. ओपनबीएसडीही युनिक्सच्याच घराण्यातली. थिओ द रॅट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळं होऊन ती उभी केली. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी, सुरक्षिततेबाबत अतिशय काटेकोर आणि साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढणारी ही सिस्टीम.

म्हणजे घराणं एकच. मग अडचण कुठे आली?

त्यासाठी 'सिस्टीम कॉल' म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की वेळ विचारायची असो, ते काम कर्नलकडूनच करून घ्यावं लागतं. कर्नल ही एक मोठी कचेरी आहे असं समजा. आत खिडक्या आहेत, प्रत्येकीला नंबर आहे, आणि प्रत्येक खिडकीवर अर्ज कसा भरायचा हे ठरलेलं आहे. पण सामान्य माणूस थेट खिडकीवर जात नाही. दाराशी एक माहीतगार कारकून बसलेला असतो, तो आपला अर्ज योग्य खिडकीवर नेतो. हा कारकून म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, 'लिबसी'.

'गो'ने काय केलं? कारकुनाला बाजूला सारलं. खिडक्यांचे नंबर स्वतःच पाठ केले.

यात उद्धटपणा नव्हता, कारणं होती. 'गो'मध्ये एकाच वेळी हजारो छोटी कामं चालवता येतात आणि प्रत्येकाला अगदी थोडी स्टॅक मेमरी दिली जाते. सी भाषेत लिहिलेल्या लायब्ररीला मात्र ऐसपैस जागा लागते. शिवाय लिबसी नसली की एकच फाइल तयार होते, ती उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवली की काम झालं. लिनक्सवर हे उत्तम जमलं, कारण तिथे कर्नल एका गटाचा आणि लिबसी दुसऱ्या गटाची. त्यामुळे खिडक्यांचे नंबर बदलायचे नाहीत, चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा नियम लिनस टोरवाल्ड्स कसोशीने पाळत आले आहेत.

ओपनबीएसडीत तसं नाही. तिथे कर्नल आणि लिबसी एकाच घरात, एकाच वेळी तयार होतात. त्यांचं वचन लिबसीपुरतं. आतल्या खिडक्या ते हवं तेव्हा हलवतात.

२०१३ च्या मे महिन्यात आलेल्या 'गो' १.१ मध्ये ओपनबीएसडीला प्रायोगिक आधार होता. मग वर्षभरातच पहिला धक्का बसला. तुम्हाला २०३८ सालचा प्रश्न ठाऊक असेल. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजले, तर १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, मोजणी संपते. १ मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत ओपनबीएसडीने सर्व प्रोसेसरांवर वेळ ६४ बिटांची केली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून थांबणं त्यांनी नाकारलं. सीमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमांना पुन्हा कम्पाइल करणं पुरलं. 'गो'चं तसं नव्हतं. पाठ केलेले नंबर आणि अर्जांचे नमुने भाषेच्या स्वतःच्या कोडमध्येच बदलावे लागले. जूनमध्ये आलेली 'गो' १.३ ही मग ओपनबीएसडी ५.५ आणि त्यापुढच्याच आवृत्त्यांवर चालणारी होती.

दुसरा प्रसंग सुरक्षिततेचा. हल्लेखोर प्रोग्रॅमच्या मेमरीत आपला कोड घुसवतो, पण त्यालाही शेवटी कर्नलची खिडकी गाठावीच लागते. मे २०२० च्या ६.७ आवृत्तीत ओपनबीएसडीने नियम केला, की सिस्टीम कॉल मेमरीतल्या ठरावीक भागातूनच आला तर स्वीकारायचा. खरं तर फक्त लिबसीतून आलेलाच घ्यायचा होता. पण 'गो'चे प्रोग्रॅम स्वतःच खिडकीवर जाणारे! त्यांच्यासाठी मुख्य प्रोग्रॅमलाही मुभा ठेवावी लागली. एका भाषेपायी दाराला फट राहिली.

इथे खरा पेच दिसतो. भाषा बदलायची की सिस्टीमने थांबायचं?

भाषा बदलली. फेब्रुवारी २०२१ च्या 'गो' १.१६ मध्ये ६४ बिटांच्या इंटेल घराण्यातल्या आणि आर्म प्रोसेसरांवर 'गो' ओपनबीएसडीच्या लिबसीमार्फत बोलू लागली. हा मार्ग अनोळखी नव्हता. विंडोजवर 'गो' पहिल्यापासून सिस्टीमच्याच लायब्ररींतून जायची, सोलारिसवर २०१४ पासून. ॲपलने २०१६ मध्ये वेळ विचारण्याचा आतला व्यवहार बदलला तेव्हा जुने 'गो' प्रोग्रॅम गडबडले, आणि २०१८-१९ मध्ये तिथेही लिबसीची वाट धरली गेली. ओपनबीएसडीला त्याच अनुभवाचा उपयोग झाला. प्रत्येक कॉलच्या वेळी मोठ्या स्टॅकवर उडी मारायची, लिबसीला हाक द्यायची आणि परत यायचं. थोडा वेळ जातो, पण नंबर पाठ करायची कटकट संपते.

एप्रिल २०२४ च्या ७.५ आवृत्तीत तर ओपनबीएसडीने प्रत्येक सिस्टीम कॉलची नेमकी जागाच बांधून टाकली. तिथूनच हाक आली पाहिजे. तीन वर्षं आधी लिबसीची वाट धरली नसती, तर 'गो'ची इथे फार ओढाताण झाली असती.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? सिस्टीमची वेस नेमकी कुठे, कर्नलशी की लिबसीशी, याचं एकच शास्त्रशुद्ध उत्तर नाही. कोण कोणाबरोबर राहतं आणि कुणी कुणाला काय वचन दिलं, यावर ते ठरतं. 'गो'ने लिनक्समध्ये दिलेलं वचन सगळीकडे गृहीत धरलं. ओपनबीएसडीने ते कधी दिलेलंच नव्हतं. आणि या गैरसमजाची किंमत ती भाषा तिथे सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांनी दर सहा महिन्यांनी चुकवली. म्हणून यापुढे 'आमची भाषा सगळीकडे चालते' असं कुणी म्हणालं, तर आपण एवढंच विचारू या : पुढच्या आवृत्तीला ती कोण चालवणार आहे?