बर्फावर चालणारी वादी

मंडळी, व्याख्यानाआधी इथल्याच एका कारखान्यातल्या तरुणानं मला विचारलं, ‘सर, डिसेंबरात केदारकांठ्याला निघालोय. स्नोशू कुठले घेऊ?’ आज पायताणांच्या इतिहासावरच बोलायचंय, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद जाळीदार चौकट. इटलीच्या आल्प्स पर्वतात सापडलेली अशी एक चौकट सुमारे 5,800 वर्षं जुनी आहे. बर्च झाडाची फांदी वाकवलेली, सुतळीनं आवळलेली. उत्तर अमेरिकेच्या आदिवासींनी ही विद्या शिखरावर नेली. अ‍ॅश झाडाची काठी वाफेवर वाकवायची आणि आत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणायच्या. आपण कोल्हापूरची माणसं. चामडं कुठं ताणायचं, वादी कुठं ओवायची, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गर्द जंगलात वळायला सोपी अशी आखूड, गोल चौकट. तिला नाव ‘अस्वलाचा पंजा’. मोकळ्या माळावर लांब, शेपटीची. म्हणजे आधी जमीन बघायची, मग पायताण.

आता हिशेब. तुम्ही 70 किलोचे, पाठीवर 15 किलो. एका पायावर 85 किलो आले. बुटाचा तळ साधारण 200 चौरस सेंटीमीटर, 8 बाय 25 इंची स्नोशूचा हजाराच्या वर. दाब पाचव्या हिश्श्यावर! म्हणून माणूस भुसभुशीत बर्फात रुतत नाही. घेताना वजन सॅकसकट धरा. दुकानात बहुतेक जण सॅक विसरतात.

चुकीच्या पायताणाची किंमत देशानं 1962 साली मोजली. नामका चूच्या काठी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे आपण अभिमानानं सांगतो. बुटांचं मात्र कुणी बोलत नाही.

तर त्या तरुणाला उत्तर: केदारकांठ्याची वाट रोजच्या पायांनी दाबून घट्ट झालेली असते. तिथं रुतण्यापेक्षा घसरायचं भय जास्त. स्नोशूचे पैसे वाचवा. घोट्याच्या वर येणारा, पाणी न शिरणारा बूट घ्या आणि त्यावर चढवायचे लोखंडी दाते. बूट जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापून बघा. आणि तो नवाकोरा घेऊन थेट डेहराडूनची गाडी धरू नका. आधी पन्हाळा-पावनखिंड एकदा चालून या.